गायक बदलला तरी बँड तोच राहतो का? आवाज गेल्यावरही चालू राहिलेल्या रॉक बँड्सची गोष्ट

सप्टेंबर 2024 मध्ये ब्राझीलच्या 'रॉक इन रिओ' महोत्सवात 'जर्नी' या अमेरिकन बँडचा कार्यक्रम झाला. त्याचे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरायला लागले आणि गायक आर्नेल पिनेडाचा आवाज नीट लागला नाही म्हणून लोकांनी त्याला धारेवर धरलं. काही दिवसांनी पिनेडाने स्वतःच एक पोस्ट टाकली. 'जा' किंवा 'राहा' एवढंच लिहा, 'जा' म्हणणारे 10 लाख झाले तर मी बँड कायमचा सोडतो, असा तिचा आशय होता.

पिनेडाला तेव्हा जर्नीत येऊन जवळपास 17 वर्षं झाली होती. ज्या स्टीव्ह पेरीची गाणी तो गातो, त्या पेरीपेक्षाही जास्त काळ तो या बँडमध्ये होता. तरीही आपली जागा त्याला लोकांकडून पुन्हा एकदा मागून घ्यावी लागली. 10 लाखांचा आकडा काही गाठला गेला नाही आणि पिनेडा बँडमध्येच राहिला. पण 17 वर्षांनंतरही माणूस 'बदली गायक'च का ठरतो?

रॉक संगीताच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. एसी/डीसी, क्वीन, जेनेसिस, डीप पर्पल, ब्लॅक सबाथ, आयर्न मेडन, व्हॅन हेलन, ज्युडास प्रीस्ट. यातल्या प्रत्येक बँडने मुख्य गायक गमावला. कुणाचा मृत्यू झाला, कुणी भांडून गेलं, कुणाला काढून टाकलं. बँड मात्र चालू राहिले. काहींनी आधीपेक्षा मोठं यश मिळवलं, काहींची पार दमछाक झाली.

गायक बदलणं इतकं अवघड का असतं?

बँडचा ड्रमर बदलला तर कट्टर चाहते सोडून फारशा कुणाला पत्ता लागत नाही. गिटारवादक बदलला तर जरा कुजबुज होते. पण तशीच गिटार, तसाच अॅम्प्लिफायर आणि भरपूर सराव असेल तर जुन्या वादकाची सुरावट बऱ्यापैकी उभी करता येते. गळ्याचं तसं नाही. एकाचा गळा दुसऱ्याला उसना घेता येत नाही.

त्यात पट्टीची अडचण. आपल्याकडे गायक आपली पट्टी सांगतो आणि पेटीवाला त्या पट्टीत वाजवतो. रॉकमध्ये बऱ्याचदा उलटं असतं. गाणं गिटारच्या सुरावटीवर बांधलेलं असतं आणि ती सुरावट गिटारच्या मोकळ्या तारांवर अवलंबून असते. पट्टी खाली आणायची तर सगळ्या तारा थोड्या ढिल्या करून गिटार नव्याने जुळवावी लागते. गायकाचं वय वाढलं की अनेक बँड हे करतात. पण जुन्या गायकाच्या गळ्याच्या मापाने शिवलेलं गाणं नव्याच्या अंगावर नीट बसतंच असं नाही.

शिवाय गायक हा बँडचा चेहरा असतो. पोस्टरवर तोच मध्यभागी असतो आणि गाण्याचे शब्दही पुष्कळदा त्याचेच असतात. तो गेल्यावर उरलेल्यांनी दुकान बंद करावं अशी अपेक्षा चाहते सहज करतात. पण उरलेले लोक अनेकदा पंचविशीत असतात. दुसरा धंदा त्यांना येत नसतो. गाण्यांच्या हक्काचे पैसे प्रामुख्याने ती लिहिणाऱ्यांना मिळतात, बाकीच्यांचं घर दौऱ्यांवर चालतं. आणि दौऱ्याची तिकिटं खपतात ती बँडच्या नावावर.

पाच महिन्यांत उभा राहिलेला अल्बम

या सगळ्यातलं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियाचा एसी/डीसी.

1979 च्या 'हायवे टू हेल' या अल्बमने बँडला अमेरिकेत पहिल्यांदाच मोठं यश दिलं होतं. पुढच्या अल्बमची तयारी सुरू झाली होती. 19 फेब्रुवारी 1980 ला गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये मरण पावला. रात्री भरपूर दारू पिऊन तो एका ओळखीच्या माणसाच्या गाडीत झोपला होता, तो उठलाच नाही. वय 33. बँडचे कर्ते दोघे भाऊ, माल्कम आणि अँगस यंग, तेव्हा 27 आणि 24 वर्षांचे होते.

बँड बंद करायचा विचार त्यांच्या मनात आला होता. पण बॉनच्या घरच्यांनीच त्यांना थांबू नका असं सांगितलं, अशी आठवण पुढे सांगितली गेली. मग गायकाचा शोध सुरू झाला आणि तो ब्रायन जॉन्सनपाशी येऊन थांबला. जॉन्सन इंग्लंडच्या न्यूकॅसलचा. 'जॉर्डी' या बँडबरोबर त्याने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला थोडंफार नाव कमावलं होतं. ते दिवस मागे पडले होते आणि आता तो मोटारींच्या छतांना विनाइलचं आच्छादन बसवायचा धंदा करत होता. योगायोग असा की जॉन्सनचं गाणं बॉन स्कॉटने पूर्वी ऐकलं होतं आणि त्याचं कौतुकही केलं होतं. ज्याची जागा घ्यायची त्यानेच आधी पाठ थोपटलेली, असं भाग्य फार थोड्या बदली गायकांच्या वाट्याला आलं असेल.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. वसंतात निवड झाली, बँड बहामाज बेटांवरच्या नासाऊमधल्या कंपास पॉइंट स्टुडिओत गेला आणि 25 जुलै 1980 ला 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम बाजारात आला. बॉनच्या मृत्यूला तेव्हा सव्वापाच महिने झाले होते. बँडने शोक म्हणून मुखपृष्ठ संपूर्ण काळं ठेवलं. पहिलं गाणं घंटेच्या टोलांनी सुरू होतं. जगभरात या अल्बमच्या सुमारे 5 कोटी प्रती विकल्या गेल्या असाव्यात असा अंदाज आहे, आणि आजवर सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये त्याची गणना होते.

हे जमलं कसं? एक तर गाण्यांच्या सुरावटी रचणारे यंग बंधू जागेवर होते. निर्माता रॉबर्ट 'मट' लँग आधीच्याच अल्बमवरचा होता. कारखाना तोच होता, एक माणूस बदलला होता. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जॉन्सनला बॉन व्हायला कुणी सांगितलं नाही. बॉनच्या गाण्यात एक खट्याळ, डोळा मारल्यासारखा भाव होता. जॉन्सनचा आवाज चिरका, ताणलेला आणि पोलादी. त्याच्या गळ्याला झेपतील, शोभतील अशी दहा नवी गाणी पहिल्याच अल्बममध्ये त्याला मिळाली. दौऱ्यावर बॉनची गाणी त्याला म्हणावी लागलीच, पण तोवर त्याच्या हातात स्वतःचं भांडवल होतं. आज 'बॅक इन ब्लॅक' ऐकताना कुणाला तो बदली गायक वाटत नाही.

36 वर्षांनी तीच वेळ जॉन्सनवर आली. मार्च 2016 मध्ये डॉक्टरांनी त्याला सांगितलं की दौरा थांबवला नाही तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. उरलेल्या कार्यक्रमांसाठी बँडने गन्स अँड रोझेसच्या अॅक्सल रोझला बोलावलं. त्याचा पाय मोडलेला होता, त्यामुळे लिस्बनमधला पहिला कार्यक्रम त्याने खुर्चीवर बसून केला. या निवडीवर जुने चाहते चिडले आणि 'जॉन्सनशिवाय एसी/डीसी कसली' अशी तक्रार ऐकू आली. म्हणजे 1980 चा 'नवा माणूस' आता स्वतःच मूळ झाला होता! 2020 च्या 'पॉवर अप' अल्बमवर तो परत आला.

मुळात 'मूळ गायक' कोण?

बॉन स्कॉट हा एसी/डीसीचा पहिला गायक नव्हताच. त्याच्या आधी डेव्ह इव्हान्स होता आणि 1974 मध्ये त्याच्या जागी बॉन आला. डीप पर्पलचा म्हणून जगाला माहीत असलेला आवाज इयान गिलनचा, पण तोही 1969 मध्ये रॉड इव्हान्सच्या जागी आलेला. आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन 1981 मध्ये पॉल डिआनोला काढल्यावर आला आणि त्याच्याबरोबरचा पहिलाच अल्बम, 1982 चा 'द नंबर ऑफ द बीस्ट', ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. स्टीव्ह पेरीसुद्धा जर्नीत आला तो 1977 मध्ये, बँड सुरू होऊन चार वर्षं झाल्यावर.

आणि फ्रेडी मर्क्युरी? ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या आधीच्या बँडचं नाव होतं 'स्माइल', आणि तिथे टिम स्टाफेल गायचा. 1970 मध्ये तो सोडून गेला, फ्रेडी आला आणि बँडचं नाव 'क्वीन' झालं.

थोडक्यात, लोक ज्याला मूळ गायक म्हणतात तो बहुतेक वेळा पहिला नसतो. बँड लोकांपर्यंत पोहोचला तेव्हा माइकसमोर जो उभा होता, तो मूळ ठरतो. गायक बँड प्रसिद्ध होण्याआधी बदलला की त्याची बातमी होत नाही, नंतर बदलला की वाद होतो.

ज्यांना दुसरं आयुष्य मिळालं

ब्रिटनच्या जेनेसिसमधून पीटर गॅब्रिएल 1975 मध्ये बाहेर पडला. तो मंचावर कोल्ह्याचा मुखवटा आणि फुलाचा मुकुट घालून गायचा, त्यामुळे त्याच्याशिवाय जेनेसिस ही कल्पनाच लोकांना करवत नव्हती. बँडने बऱ्याच उमेदवारांच्या चाचण्या घेतल्या. आलेल्यांना गाणी शिकवायचं काम ड्रमर फिल कॉलिन्सकडे होतं. शेवटी शिकवणाराच सगळ्यांपेक्षा बरा गातोय हे लक्षात आलं. 1976 च्या 'अ ट्रिक ऑफ द टेल'पासून कॉलिन्स मुख्य गायक झाला आणि पुढच्या दहा वर्षांत जेनेसिस गॅब्रिएलच्या काळापेक्षा कितीतरी मोठा बँड बनला. जुलै 1986 मध्ये त्यांचं 'इनव्हिजिबल टच' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढच्या आठवड्यात त्याला खाली खेचणारं गाणं होतं 'स्लेजहॅमर', आणि ते होतं पीटर गॅब्रिएलचं.

मात्र हाच डाव दुसऱ्यांदा साधला नाही. 1996 मध्ये कॉलिन्स गेल्यावर जेनेसिसने रे विल्सनला घेऊन 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' काढला. अमेरिकेत मागणीच नसल्याने तिथला दौरा रद्द करावा लागला.

व्हॅन हेलनचंही असंच. डेव्हिड ली रॉथ 1985 मध्ये गेला आणि सॅमी हेगर आला. चाहते चेष्टेने बँडला 'व्हॅन हेगर' म्हणू लागले. पण हेगरबरोबरचे चारही स्टुडिओ अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि रॉथच्या काळात ते एकदाही जमलं नव्हतं. हेगर 1996 मध्ये बाहेर पडला, तेव्हा 'एक्स्ट्रीम'चा गॅरी चेरोन आला. 1998 चा 'व्हॅन हेलन 3' आपटला आणि वर्षभरात चेरोनही गेला. पुढे 2007 मध्ये रॉथ परतला, पण त्याच्या मैफलींत हेगरच्या काळातली गाणी वाजलीच नाहीत. पहिल्या क्रमांकाचे चार अल्बम जणू कुण्या दुसऱ्याच बँडचे होते.

डीप पर्पलने 1973 मध्ये डेव्हिड कव्हरडेल या कपड्याच्या दुकानात काम करणाऱ्या अनोळखी पोराला निवडलं. त्याने तोवर एकही अल्बम केलेला नव्हता. एप्रिल 1974 मध्ये तो 'कॅलिफोर्निया जॅम' महोत्सवात लाखोंच्या गर्दीपुढे गात होता. ब्लॅक सबाथने 1979 मध्ये ऑझी ऑस्बोर्नला दारू आणि ड्रग्जमुळे काढलं आणि रॉनी जेम्स डिओला घेऊन 'हेवन अँड हेल' हा दमदार अल्बम केला. 2006 मध्ये डिओसह तेच लोक पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी ब्लॅक सबाथ हे नाव टाळलं आणि बँडला 'हेवन अँड हेल' असंच नाव दिलं. सबाथ म्हटलं की प्रेक्षक ऑझीची गाणी मागणार, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

नाव कुणाचं?

यातून पुढचा प्रश्न येतो, आणि तो सरळ कोर्टात जातो. गायक गेला तर बँडचं नाव कुणाकडे राहतं?

1980 मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत 'डीप पर्पल'चे कार्यक्रम झाले. खरा डीप पर्पल 1976 मध्येच बंद पडला होता. मंचावर होता तो रॉड इव्हान्स, 1969 मध्ये बाहेर पडलेला पहिला गायक, आणि त्याच्याबरोबर चार अनोळखी वादक. प्रेक्षकांनी गोंधळ घातला, मूळ बँडच्या व्यवस्थापनाने दावा लावला आणि कोर्टाने 6 लाख 72 हजार डॉलरची भरपाई ठोठावली. इव्हान्सला जुन्या अल्बमच्या रॉयल्टीवरही पाणी सोडावं लागलं. त्यानंतर तो सार्वजनिक आयुष्यातून नाहीसाच झाला. बँडच्या पहिल्या तीन अल्बमवर त्याचाच आवाज आहे, तरी नावावर त्याचा हक्क ठरला नाही.

पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स तर गायक, गीतकार आणि बासवादक. 1985 मध्ये तो बाहेर पडला आणि आपल्याशिवाय पिंक फ्लॉइड संपला असं त्याचं म्हणणं होतं. डेव्हिड गिलमोर आणि निक मेसन यांना ते मान्य नव्हतं. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं, डिसेंबर 1987 मध्ये तडजोड झाली आणि नाव गिलमोर-मेसनकडे राहिलं. 2013 मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत वॉटर्सने कोर्टात जाणं ही आपली चूक होती असं मान्य केलं.

'द डोअर्स'मध्ये उलटं घडलं. जिम मॉरिसन 1971 मध्ये गेल्यावर उरलेल्या तिघांनी दोन अल्बम केले आणि थांबले. 2002 मध्ये रे मॅन्झारेक आणि रॉबी क्रीगर यांनी इयान अॅस्टबरी या गायकाला घेऊन 'द डोअर्स ऑफ द ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी' सुरू केला. ड्रमर जॉन डेन्समोर आणि मॉरिसनचे वारस कोर्टात गेले आणि ते नाव वापरायला बंदी आली. मंचावर बँडचे दोन संस्थापक होते, तरी नाव त्यांना मिळालं नाही. नाव सर्वांच्या संमतीशिवाय वापरता येत नव्हतं.

म्हणून कोणता बँड 'खरा' याचा निकाल चाहते मनाने लावतात, पण तिकिटावर काय छापायचं हे जुन्या करारांतल्या ओळी ठरवतात.

पट्टी जुळली नाही तर काय होतं?

1993 मध्ये ब्रूस डिकिन्सनने आयर्न मेडन सोडला. 'वुल्फ्सबेन' या बँडमधला ब्लेझ बेली त्याच्या जागी आला. ब्लेझचा आवाज जड आणि खालच्या पट्टीतला. डिकिन्सनची गाणी म्हणजे वरच्या सप्तकातली कसरत. बँडने जुन्या गाण्यांची पट्टी बदलली नाही आणि ब्लेझला रोज रात्री त्या उंचीवर चढावं लागलं. काही कार्यक्रम त्याच्या आवाजाच्या त्रासामुळे रद्दही झाले. मेटल संगीताचाच बाजार त्या काळात पडलेला होता, हेही खरं. पण खापर फुटलं ते ब्लेझच्या डोक्यावर. 1999 मध्ये त्याला जावं लागलं आणि डिकिन्सन परतला.

त्या पुनरागमनाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मेडनने 'समव्हेअर बॅक इन टाइम' हा जागतिक दौरा सुरू केला तो 1 फेब्रुवारी 2008 ला, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून. दौऱ्यासाठी बोइंग 757 विमान रंगवून घेतलं होतं आणि ते चालवायला वैमानिक म्हणून खुद्द डिकिन्सन होता.

ब्लेझच्या काळातली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लान्समन' ही गाणी बँडने टाकून मात्र दिली नाहीत. 2018 पासूनच्या दौऱ्यात डिकिन्सन ती गात होता आणि मैदानं सोबत गात होती. ब्लेझची गाणी चांगली होती, त्याला जुनी गाणी उसन्या गळ्याने म्हणायला लावली हे चुकलं.

पाचगणीचा फ्रेडी आणि अधिकचं चिन्ह

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स बोर्डिंग शाळेत आला. तिथेच तो पियानो शिकला, 'फ्रेडी' झाला आणि शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा आपला पहिला बँड काढला. 24 नोव्हेंबर 1991 ला लंडनमध्ये एड्समुळे त्याचं निधन झालं.

उरलेल्या तिघांनी त्याची जागा लगेच भरली नाही. एप्रिल 1992 मध्ये वेम्बली स्टेडियमवर श्रद्धांजलीची मैफल झाली आणि एकेक गाणं वेगवेगळ्या गायकांनी म्हटलं. बासवादक जॉन डीकन 1997 नंतर संगीतातून निवृत्त झाला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांनी 2004 मध्ये पॉल रॉजर्सला बरोबर घेतलं. रॉजर्स स्वतः 'फ्री' आणि 'बॅड कंपनी'चा नावाजलेला गायक. पण फ्रेडीच्या गाण्यांतलं नाटक त्याच्या स्वभावात नव्हतं. 2008 मध्ये एक नवा अल्बम आला आणि पुढच्या वर्षी वाटा वेगळ्या झाल्या.

मग आला अॅडम लॅम्बर्ट, 2009 च्या 'अमेरिकन आयडॉल'मधला उपविजेता. त्या अंतिम फेरीत मे आणि टेलर यांनी त्याच्याबरोबर वाजवलं होतं. 2011 पासून ते एकत्र कार्यक्रम करू लागले आणि ही जोडी टिकली. लॅम्बर्टकडे वरचे सूर आहेत, मंचावरचा नखराही आहे. पण मी फ्रेडीची जागा घ्यायला आलेलो नाही, हे त्याने वारंवार सांगितलं आहे.

क्वीनने हिशेब एका चिन्हात सोडवला. पोस्टरवर नाव येतं 'क्वीन + अॅडम लॅम्बर्ट'. रॉजर्सच्या वेळीही तेच अधिकचं चिन्ह होतं. लॅम्बर्ट क्वीनमध्ये नाही, क्वीनबरोबर आहे. 'लव्ह ऑफ माय लाइफ' ब्रायन मे एकटा गिटारवर म्हणतो आणि शेवटी पडद्यावर फ्रेडी येऊन त्याला साथ देतो. फ्रेडीची जागा मंचावर रिकामीच ठेवलेली असते.

या प्रामाणिकपणाची किंमतही आहे. इतक्या वर्षांत लॅम्बर्टबरोबर क्वीनचा एकही नवा स्टुडिओ अल्बम आलेला नाही. जॉन्सनला मिळालं तसं स्वतःचं 'बॅक इन ब्लॅक' त्याला मिळालेलं नाही. मैफल भव्य असते, पण गाणी आधीच लिहून झालेली असतात.

यूट्यूबवर सापडलेला गायक

आता पुन्हा आर्नेल पिनेडाकडे. जर्नीच्या 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' या 1981 च्या गाण्याला 2007 मध्ये दुसरं आयुष्य मिळालं, कारण 'द सोप्रानोज' या गाजलेल्या मालिकेचा शेवट त्या गाण्यावर झाला. गाणं घरोघरी वाजत होतं आणि बँडकडे गायक नव्हता. पेरीनंतर आलेल्या स्टीव्ह ऑजेरीचा गळा बिघडला होता, त्यानंतर आलेला जेफ स्कॉट सोटो वर्षभरही टिकला नव्हता.

गिटारवादक नील शॉन यूट्यूबवर गायक धुंडाळत बसला आणि फिलिपीन्सच्या 'द झू' नावाच्या बँडचे व्हिडिओ त्याला सापडले. त्यात पिनेडा इतरांची गाणी गात होता, जर्नीचीही. शॉनने ईमेल पाठवला. कुणीतरी थट्टा करतंय असं समजून पिनेडाने आधी तो मनावरच घेतला नाही. लहानपणी आई गेल्यावर शाळा सुटलेली, मनिलाच्या बागेत झोपून काढलेले दिवस, मग वर्षानुवर्षं बारमध्ये गाणं. अशा माणसाने त्या ईमेलवर विश्वास ठेवला नाही यात नवल नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी गेला तेव्हा अधिकाऱ्याला खरं वाटावं म्हणून तिथेच गाऊन दाखवावं लागलं, असं तो सांगतो.

डिसेंबर 2007 मध्ये तो जर्नीत दाखल झाला. 2008 च्या 'रेव्हलेशन' या अल्बममध्ये नवी गाणी होती आणि जोडीला जुनी हिट गाणी पिनेडाच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली. अल्बम अमेरिकेत प्लॅटिनम झाला. पण लोक मैफलीला येतात ते पेरीच्या काळातल्या गाण्यांसाठी, आणि पिनेडाची निवडही त्याचा आवाज पेरीच्या जवळ जातो म्हणूनच झाली होती. सुरुवातीला काही चाहत्यांनी इंटरनेटवर त्याच्या वंशावरूनही वाईटसाईट लिहिलं. त्याची अडचण अशी की तो चांगला गायला तर 'अगदी पेरीसारखा', चुकला तर 'शेवटी पेरी तो पेरीच'.

असाच पेच टिम ओवेन्सचाही झाला. तो अमेरिकेत ज्युडास प्रीस्टची गाणी वाजवणाऱ्या एका बँडमध्ये गायचा आणि 1996 मध्ये थेट ज्युडास प्रीस्टमध्येच आला. दोन स्टुडिओ अल्बम केले. 2003 मध्ये रॉब हॅलफर्ड परतला आणि ओवेन्सचं काम संपलं. 2022 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने ज्युडास प्रीस्टचा सन्मान केला, तेव्हा सन्मानितांच्या यादीत ओवेन्स नव्हता. व्हॅन हेलनच्या यादीत चेरोन नव्हता.

जर्नीची वेळ आली 7 एप्रिल 2017 ला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. सन्मानितांच्या यादीत पेरीचं नाव होतं, पिनेडाचं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी पेरी जुन्या सोबत्यांबरोबर मंचावर आला आणि भाषणात त्याने पिनेडाचं नाव घेऊन त्याचं मनापासून कौतुक केलं. पेरी आता गाईल का, याची सभागृहाला उत्सुकता होती. तो गायला नाही. भाषणं संपली, बँडने वाद्यं हाती घेतली आणि माइकसमोर पिनेडा येऊन उभा राहिला.